दुपट्ट्याखालचा सौदा

दुपट्टा माझ्या बापाचा होता. हे आधीच सांगून ठेवतो. सरांचं कौतुक आजवर पुष्कळांनी केलं आणि मीही करणार आहे, पण तो लाल काठाचा दुपट्टा आमच्या घरच्या खुंटीवरून गेला आणि परत आला नाही.

आमचं गाव वणीहून झरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तिथल्या शाळेत सर बदलून आले ते पार पश्चिमेकडून. तिकडचा माणूस इकडे बदलून आला की पहिल्या दिवसापासून परतीच्या बदलीचे अर्ज लिहायला लागतो. सरांनी अर्ज लिहिला नाही. त्याऐवजी त्यांनी इथली बोली शिकायला घेतली. 'कायले', म्हणजे 'कशाला', हा शब्द त्यांना इतका आवडला की ते तो मिठासारखा कुठेही टाकत. "आज ऊन कायले आहे?" असं म्हणत वर्गात शिरत. वर्ग हसे. तेही हसत, आणि दुसऱ्या दिवशी तेच करत.

पुस्तकं बियाण्याच्या कंपनीच्या पिशवीतून आणत. त्या वर्षांत अशा पिशव्या घरोघरी होत्या. बियाणं उगवो न उगवो, पिशवी टिकायची. प्रत्येक पुस्तक देण्याआधी नाकाशी नेत, जसा आपण खरबूज नेतो. वर्गावर रागावले तर मारत नसत, ओरडत नसत. खुर्ची फळ्याकडे फिरवून आमच्याकडे पाठ करत आणि स्वतःशीच पुस्तक वाचत बसत. मधेच खांदे हलायचे. हसत असायचे. कशाला हसतात हे विचारायची सोय नव्हती, कारण ते रुसलेले असत. मला वाटतं आमच्या वर्गात पुस्तकाबद्दल पहिली उत्सुकता त्या हलणाऱ्या खांद्यांमुळे जागी झाली.

एका गोष्टीत मात्र मी त्यांना कधी माफ केलं नाही. त्यांना घासाघीस येत नव्हती. भाजीवाली सांगेल तो भाव देऊन मोकळे होत. मी जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा करतो. एका गियरबॉक्ससाठी गिऱ्हाइकाशी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत भांडलेला माणूस आहे. भाव न करता घेणारा माणूस दिसला की मला आजही राग येतो. तेव्हाही येई. एकदा मी बोललोच. सर म्हणाले, "तू भांडून कोथिंबीर मिळवतोस. मला ती न भांडता मिळते. बाईला माझी दया येते ना." हे खरं होतं. त्यांच्या पिशवीत कोथिंबीर कायम असायची.

आता माझं सांगतो. मी नववीत होतो आणि मला वाचता येत नव्हतं. अगदीच येत नव्हतं असं नाही. अक्षरं ओळखीची होती, पण ती एकमेकांना धरून चालत नसत. एक शब्द लावेपर्यंत मागचा सुटून जाई. इतकी वर्षं मी वर कसा सरकत आलो ते सांगत नाही. ज्यांनी सरकवलं त्यांचीही अब्रू आहे.

बाजारात मात्र मी हुशार होतो. बाप बैलबाजारात दलाल. ती कापसाची वाईट वर्षं होती. बाजारात विकणारे ढीगभर आणि घेणारे मोजके, त्यामुळे दलालाची जीभ तिखट लागायची. चौदाव्या वर्षी मी जोडीचे दात बघून, पाठीवर हात फिरवून, मोठ्या माणसांशी भावावर हुज्जत घालायचो. लोक म्हणत, "पोट्टा बापाच्या वर गेला." असं नाव असलेल्या पोराला 'कमळ' लावायला घाम फुटतो हे वर्गाला कळलं असतं तर मी शाळेत पाऊल टाकलं नसतं. बापानंही सांगून ठेवलं होतं, "नववीत नापास झाला त शाळा बंद. बाजारात ये मंग कायमचा." पण मला शाळा हवी होती. का हवी होती ते विचारू नका, त्या वयात सगळ्याचं कारण नसतं. गजू तिथे होता, दुपारचा खेळ तिथे होता.

तर सरांचा वाचनाचा तास असायचा. एकेकानं उठायचं, मोठ्यानं वाचायचं. मिशा फुटलेली पोरं उठायची आणि तिसरीतल्या पोरासारखी अडखळायची. मागून कोणीतरी खुसखुसायचं. माझा नंबर जवळ आला की मी शेजारच्या गजूला एक ठोसा ठेवून द्यायचो. काहीतरी कारण काढायचो. त्याचं कोपर लागलं, त्यानं बाप काढला. भांडण व्हायचं, सर मला बाहेर काढायचे. मी कडुनिंबाखाली जाऊन सुखानं उभा राहायचो. माझा तापट स्वभाव गावात प्रसिद्ध आहे. त्याची सुरुवात त्या बाकावर झाली.

गजू नंतर नंतर माझा नंबर आला की आपणच बाकाच्या टोकाला सरकून बसायचा.

बाजाराच्या दिवशी मी शाळेत नसायचो. एका बाजाराला सर मला शोधत तिथे आले. धुळीत, शेणात, वहाणा हातात घेऊन. मी तेव्हा एका म्हाताऱ्याच्या जोडीचा सौदा लावून देत होतो. बापानं दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकला होता आणि त्याखाली व्यापाऱ्याची आणि म्हाताऱ्याची बोटं बोलत होती. वर दोघांचे चेहरे दगडासारखे. सर माझ्या कानाशी आले. "हे काय चाललंय?"

"सौदा."

"पण कोणी बोलत कसं नाही?"

"बोटानं बोलून राह्यले ना, सर. एक बोट धरलं त एक. पंजा दाबला त पाच. बोटाचं नुसतं पेर दाबलं त चिल्लर. सौदा अटकला का पेरावर येते."

"आणि दुपट्टा कशाला?"

मला त्यांच्या अडाणीपणाचं हसू आलं. बाप हसला नाही. तो म्हणाला, "मास्तर, इकणाऱ्याले गरज असते. किती खाली उतरला हे चारचौघाईले दिसलं त उद्या त्याची दुसरी जोडीबी त्याच भावात मागतीन. म्हणून झाकाचं. घेणाऱ्यानं कुठं बोलाचं नाई. इकणाऱ्याले वाटलं त त्यानं सांगावं, त्याची मर्जी."

सर बराच वेळ त्या दुपट्ट्याकडे बघत राहिले. मला शाळेत न्यायला आले होते हे विसरूनच गेले. मग खाली मातीत उकिडवे बसून म्हणाले, "मला शिकव."

मी शिकवलं. जोडीच्या सावलीत बसून शिकवलं. त्यांना पकड येईना. अंगठा नको तिथे जाई. मी दोनदा ओरडलो. जाताना त्यांनी बापाकडे दुपट्टा मागितला, "दोन दिवसांत परत देतो" म्हणून. बापानं घरी दुसरा आहे म्हणून देऊन टाकला.

पुढच्या वाचनाच्या तासाला सर दुपट्टा खांद्यावर टाकून आले. वर्ग खिदळला. सर म्हणाले, "आजपासून कोणी उठून वाचायचं नाही. वाचन तुमचं आहे, मी गिऱ्हाईक. या आठवड्यात कोण किती पानं द्यायला तयार आहे ते दुपट्ट्याखाली ठरेल. मी कोणाचं कोणाला सांगणार नाही. ठरलेलं वाचायचं, आपल्या दिवशी एकट्यानं येऊन मला वाचून दाखवायचं. जमलं तर द्या, नाही तर पुढच्या बाकावर जातो."

मुलींचं काय, असा प्रश्न आला. मुलींचे सौदे शिवणाच्या बाईंकडे गेले. सरांनी त्यांना बोटं शिकवली होती. बाई सरांसारख्या नव्हत्या. दोन पानांच्या खाली उतरायला तयारच नसत. मुली म्हणायच्या, आम्हाले सर द्या.

सर बाकाबाकाशी फिरू लागले. पोरांना मजा वाटली. बापाला बाजारात करताना पाहिलेली गोष्ट आपण करतोय म्हटल्यावर हाताला मोठेपण येतं. त्यात वेचणीचे दिवस होते. बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी पोरांची बोटं सोललेली असत. सरांना ते दुपट्ट्याखाली कळायचं. ज्याची बोटं खरखरीत लागली त्याच्याकडे ते जास्त मागत नसत, बोटं हलकेच सोडत. हजेरीपटावरून जे कळलं नसतं ते त्यांना तिथे कळे.

माझ्या बाकाशी आले. गजू टोकाला सरकला, सवयीनं. दुपट्टा पडला. सरांनी माझा पंजा दाबला. पाच पानं. मी मूठ आवळली. त्यांनी तीन बोटं धरली. नाही. दोन. नाही. एक बोट धरलं आणि थांबले. एक पान. मी ते बोटही सोडवून घेतलं. माझ्या कपाळावर घाम आला होता आणि गजू बघत होता. मग मी त्यांच्या हातात करंगळीचं शेवटचं पेर ठेवलं. नुसतं पेर. म्हणजे पान नाही. एक ओळ.

सरांचा हात जरा थांबला. मला वाटलं आता हे चेहऱ्यावर येणार आणि संपलं. पण त्यांनी ते पेर दाबलं, दुपट्टा उचलला, आणि दगडासारखा चेहरा करून पुढच्या बाकावर गेले. तेवढं एक ते माझ्याकडून नीट शिकले होते.

"किती बे?" गजूनं विचारलं.

"तुह्यापेक्षा जास्त," मी म्हणालो. नियमानं कोणी खोटं पाडू शकत नव्हतं.

माझ्या दिवशी मी कडुनिंबाखाली गेलो. सरांनी कव्हर नसलेलं एक पुस्तक काढलं, हुंगलं, आणि एका ओळीखाली बोट ठेवलं. त्या ओळीला मला किती वेळ लागला ते सरांना माहीत आणि मला. ओळ अशी होती: 'सकाळी खुंट्याला दोरी होती, पण बैल नव्हता.'

मी मान वर केली. "मंग?"

सरांनी पुस्तक मिटलं. "सौदा एका ओळीचा होता."

"अजी पण बैल कुठं गेला?"

"ते पुढच्या आठवड्याच्या सौद्यात."

मी तिथेच भडकलो. हे कुठलं दुकान, माल दाखवायचा आणि शटर ओढायचं. बाजारात असं केलं असतं तर दोन ठेवून दिल्या असत्या असंही बोललो. सर शेंगा खात होते. एक मला देऊन म्हणाले, "पुढं जावंसं वाटलं का?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. 'समजलं का' असं त्यांनी मला कधी विचारलं नाही.

आठवडाभर मी त्या बैलाच्या मागे होतो. चोरला म्हणावं तर दोरी जागेवर. दोरी सोडून चोरतो तो चोर कसला? पुढच्या तासाला दुपट्टा पडताच मी सरांचं एक बोट धरलं. पान देतो. आणि सरांनी काय करावं? माझं पेर धरलं. म्हणजे, नको, ओळच दे, झेपणार नाही. मला झेपणार नाही! मी दोन बोटं धरली. ते एकावर आले. मी रागानं तीन धरली. जन्मात मी स्वतःच्या विरुद्ध भाव चढवलेला तो एकच सौदा. ज्या माणसाला कोथिंबिरीचा भाव करता येत नव्हता त्यानं मला तीन पानांना गुंतवलं होतं, हे मला कडुनिंबाखाली पोचल्यावर कळलं.

ती तीन पानं वाचायला मी दुपारचा खेळ सोडला. मग पुढची. बैल कुठे गेला ते कळलं: विकलेला बैल जुन्या मालकाच्या गावी आपणच चालत गेला होता. बैल विकत आणलेला होता एवढं आधी सांगितलं असतं तर बाजारातल्या शेंबड्या पोरानंही हे ओळखलं असतं. पण पुस्तक लिहिणाऱ्यानं त्याला रात्रीतून पूर आलेली नदी ओलांडायला लावली होती, आणि वर तोंडानं दोरीची गाठ सोडायला. मी सरांशी भांडलो. "बैल असा जात नाई. लिहिणाऱ्यानं बैल पाह्यला होता का?"

"अजून कुठे चुकलाय?" सरांनी विचारलं.

"मले काय मालूम."

"मग माल पुरता तपास. दात बघितल्याशिवाय बोलू नये."

मी तपासला. राहिलेलं सगळं पुस्तक मी लेखकाला पकडायला वाचलं. लोक म्हणतात वाचनाची गोडी लागते. मला गोडी लागली नाही, मला खुन्नस लागली. पण खुन्नशीनंही डोळा तसाच पुढे सरकतो. कधीतरी मधल्याच एका पानावर शब्द एकमेकांना धरून चालायला लागले. ते नक्की कोणत्या पानावर झालं ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी चूक शोधत होतो.

थंडी सरता सरता एका तासाला सर म्हणाले, "ह्या वर्गात एक जण म्हणतो की ह्या पुस्तकात खोट आहे. त्याला दाखवायची असेल तर दाखवू दे."

मी उठलो. पुस्तक घेतलं आणि नदीचा तो सगळा प्रसंग वाचून दाखवला, मधे मधे थांबून. हे पाहा, इथं म्हणते पाणी छातीला; छातीला पाणी आलं त बैलाचा पाय सुटते; पुढं वाचतो, ऐका. पोरं वादात पडली. एक म्हणे जाते, एक म्हणे नाही. मी पुन्हा मागची ओळ काढून त्याच्या तोंडावर वाचली. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा मला कळलं की मी उभा आहे, माझ्या हातात पुस्तक आहे आणि मी सगळ्या वर्गासमोर वाचलं आहे.

मी खाली बसलो. गजू बाकाच्या टोकाला अंग चोरून बसला होता. मी वाचायला उठलो तेव्हाच सरकला असणार. त्यानं हळूच विचारलं, "आज नाई मारत का बे?"

तेव्हा छातीवरून जे उतरलं त्याचं वजन मी कोणत्या काट्यावर करू? मी गजूला नुसतं कोपरानं ढकललं, आणि तो पुन्हा मधे येऊन बसला.

नववी सुटली. तोंडी परीक्षेला मी न थांबता वाचलं. बापानं बाजारात पेढे वाटले.

इथं संपलं असतं तर माझं सरांशी काही भांडण नव्हतं. पण दहावीच्या वर्षी कोणी साहेब शाळा बघायला आले, त्यांना दुपट्टा दिसला. त्यांना गंमत वाटली. मग आणखी साहेब आले. आजूबाजूच्या शाळांत दुपट्टे गेले. सरांचा सत्कार झाला आणि पेपरात फोटो आला: सर, खांद्यावर आमचा दुपट्टा, आणि खाली लिहिलेलं की या शिक्षकानं स्वतःच्या कल्पनेतून मुलांना वाचतं केलं.

तो पेपर मी चहाच्या टपरीवर वाचला. सगळा वाचला, वरपासून खालपर्यंत, दोनदा. माझं नाव कुठे नव्हतं. बापाचं नव्हतं. बैलबाजाराचंही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून पेपर वाचला आणि त्यात माझाच माल दुसऱ्याच्या नावानं विकलेला.

बापाला सांगितलं. तो म्हणाला, "दुपट्ट्यावर कोणाचं नाव असते का बे?"

"पण त्याईले शिकोलं म्या."

"मंग? खुंटीवर टांगून ठेवाचं होतं?"

मी सरांशी बोलणं सोडलं. दहावी झाली, त्यांची बदली झाली, मी निरोपालाही गेलो नाही. पुढे बाजारातले बैल कमी होत गेले, बापाचा धंदा बसला. मी एका बंद पडलेल्या ट्रॅक्टरपासून सुरुवात करून वणीत यार्ड उभं केलं. करारनामे मी स्वतः वाचतो, बारीक अक्षरासकट; वकिलानं सोडलेली खोट मला सापडते. ती सवय कुठून आली ते मला माहीत होतं. पण रागही जपून ठेवला होता, यार्डात जुना पार्ट तेल घालून ठेवतात तसा.

गेल्या वर्षी शाळेनं जुन्या शिक्षकांचा सत्कार ठेवला. सर येणार म्हटल्यावर मंडपाचा भार मी उचलला, म्हणजे मला माईक मिळणार होता. सर आले. वाळले होते. हातात अजून कापडी पिशवी. शाल घातली गेली, भाषणं झाली. प्रत्येक जण दुपट्ट्यावर बोलला. एकानं तर तो दुपट्टा म्हणजे सरांच्या प्रतिभेचं वस्त्र असं म्हटलं. मी खुर्चीत उकळत होतो.

माझी पाळी आली. मी नमस्कारही धड केला नाही. म्हणालो, "सर इथं बसले हायत. त्याईनंच सांगावं, हे दुपट्ट्याचं कुठून आणलं. कोणापाशी शिकले. आज सांगून टाका सर, चारचौघाईत."

सर उठले. काठी टेकत माझ्याजवळ आले. मी माईक पुढे केला. त्यांनी माईक घेतला नाही. अंगावरची शाल काढली आणि माझ्या हातावर टाकली, स्वतःचा हात खाली घातला.

मला वाटलं म्हातारा गंमत करतोय. मग त्यांची बोटं लागली. थंड, कागदासारखी. त्यांनी माझा पंजा चाचपला, एकेक बोट सोडत करंगळीवर आले, आणि तिचं शेवटचं पेर दाबलं. नुसतं पेर.

चेहरा दगडासारखा.

पेपरात माझं नाव आलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता, हे इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं. कोणत्या पोरानं शिकवलं? तो किती पानं वाचायचा? पहिला सौदा कितीचा होता? बाजारात पाऊल टाकायची सोय राहिली नसती. आणि सरांनी ती एक ओळ कोणालाच सांगितली नव्हती, साहेबांना नाही, पेपरवाल्याला नाही. मी बोलणं सोडलं तेव्हा मलाही तिची आठवण करून दिली नाही. घेणाऱ्यानं बोलायचं नाही, एवढं बापानं त्यांना बाजारात सांगितलं होतं. ते त्यांनी पाळलं.

खालून गजू ओरडला. आता तो गावचा सरपंच आहे, पोट सुटलंय, पण आवाज तोच. "कितीचा झाला बे सौदा?"

मी माईकमध्ये म्हणालो, "जमला." आणि शाल सरांच्या खांद्यावर नीट ठेवून खाली येऊन बसलो. इतकं हलकं मला आधी एकदाच वाटलं होतं, गजूच्या शेजारी त्या बाकावर.

जेवणाच्या पंगतीत मी त्यांच्या शेजारी बसलो. बोलायला काही सुचेना म्हणून विचारलं, "सर, आमचा दुपट्टा?"

"फाटला," सर म्हणाले. "त्याची फडकी केली. पुस्तकांवरची धूळ पुसायला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कायले? हवा होता?"

हा हिशोब मी सोडलेला नाही. शालीखाली त्यांचा अंगठाही अजून चुकीच्याच जागी होता, तेही त्यांना सांगितलं. बाकी त्या एका ओळीचं म्हणाल, तर ते इथं मी सांगितलं, त्यांनी नाही. विकणारा मी होतो. माझी मर्जी.